बिब्ब्याचा डाग आणि मस्कतचे विमान

लेख लिहावा असा मी कोणी नाही, हे आधीच कबूल करतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटल्यावर बारामतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे लेख कसा सुरू करतात हे विचारायलाही घरी कोणी नाही. लॅबच्या डॉक्टर मॅडमना विचारले, तर त्या म्हणाल्या, "जे झालं ते झालं त्या क्रमाने लिही. रिपोर्टसारखं." तेवढाच आधार धरून लिहितो. चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तर लॅबच्या बाकावरची माणसे एकदम उठली, तिथून सांगतो.

बाकावर चौघे-पाचजण रक्त द्यायला बसले होते. एक बाई जिना चढून आल्या. हातात कापडी पिशवी, मागे लंगडत येणारा मुलगा. आल्या आल्या त्या मोठ्याने म्हणाल्या, "डाक्टरीण बाई हायत का? पोराच्या जांघंत गाठ आलीया."

एवढे ऐकले आणि बाक रिकामा झाला. एक आबा रक्त द्यायला बाही वर करून बसले होते, ते तशीच बाही वर धरून जिना उतरले.

कारण वर्ष कोणते होते ते सांगायला हवे. १९९४. त्या वर्षी सुरतेला प्लेग आला होता. त्याआधी बीडकडे गाठीचा प्लेग निघाला होता. आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडूनच येतात, त्यामुळे यंदा त्या येणार की नाही आणि येऊ द्यायच्या की नाही, यावर चहाच्या टपरीवर रोज भांडणे होत होती. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत. प्लेगवर चालतात म्हणून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून गायब झाल्या होत्या. घरात मेलेला उंदीर दिसला तर गल्ली ओट्यावर येऊन उभी राहायची. आणि गाठ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नव्हते.

त्या बाईंनी उच्चारला. वर मलाच विचारले, "का रं बाबा, समदी का गेली?"

मुलगा म्हणजे तिशीतला माणूस होता. नसीर त्याचे नाव, राहणार पळसदेव. साखर कारखान्यावर सीझनला वेल्डर. आई गावोगाव बांगड्या विकायची आणि माल भरायला बारामतीला यायची. मी लोणी देवकरचा आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "मंग आपलाच की तू." तिला गावात सगळे चाची म्हणत, म्हणून मीही चाचीच म्हणू लागलो.

नसीरच्या एका पायात नवा कोरा काळा बूट होता आणि दुसऱ्या पायात स्लिपर.

"मस्कतला चाललोय," तो म्हणाला. "वेल्डिंगचंच काम हाय. शुक्रवारचं विमान. गावच्या डॉक्टरनं हात लावला न्हाय, म्हणला बारामतीला जाऊन तपासून ये. अन् एजंटला सर्टिफिकेट पायजे."

तेव्हा परदेशी जाणे सोपे नव्हते. प्लेगची बातमी फुटल्यावर आखातातल्या देशांनी आपल्याकडची विमाने बंद केली होती. ती आता पुन्हा सुरू झाली होती, पण तिथे उतरल्यावर आपल्या माणसांना वेगळ्या रांगेत उभे करत. ताप बघत. संशय आला की बाजूच्या खोलीत नेऊन कपडे काढून तपासत. काखेत किंवा जांघेत गाठ सापडली तर पुढे काय होते, याच्या दहा प्रकारच्या गोष्टी ऐकू येत होत्या.

मॅडम बाहेर आल्या. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त, थुंकी, पू असले काही तपासून आजाराचे नाव सांगणारा डॉक्टर. आमच्या मॅडम मोजके बोलतात. त्यांनी रिकामा बाक बघितला, तोंडाला मास्क बांधला, मलाही बांधायला लावला आणि नसीरला आत घेतले.

तो आत येऊन नुसता उभा राहिला. मॅडमकडे बघेना. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, बाईमाणसापुढं कसं दाखवू? तूच बघ अन् सांग."

"मी डॉक्टर नाही हो."

"मग कोट कशाला घातलाय?"

बाहेरून चाचीचा आवाज आला, "दाखव रं! लाजतंय काय! हितं काय तुझी सोयरीक जमवायची हाय?"

त्याने दाखवले. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती आणि तिच्यावर काळाभोर डाग, कडेने फोड. मी मास्क पुन्हा घट्ट बांधला. पुस्तकात मी प्लेगबद्दल जेवढे वाचले होते, त्यात गाठ होती आणि काळे पडणेही होते.

मॅडमनी खाली वाकून बघितले आणि दाराकडे तोंड करून विचारले, "चाची, बिब्बा कुणी घातला?"

"म्या घातला की," चाची अभिमानाने म्हणाली. "सुईवर तापवून. दोन येळा."

मग सगळे उलगडत गेले. परदेशी जायचे म्हणून नसीरने नवे बूट घेतले. तिकडे जाऊन त्रास नको, आधीच सैल करून घ्यावेत, म्हणून तो गावात दिवसभर बूट घालून हिंडला. शेतातही तेच बूट. बूट टाचेला चावला. फोड आला, फुटला, त्यात माती गेली. पायाला जखम चिघळली की जांघेत गाठ येते, तिला आपल्याकडे अवधान म्हणतात. अवधान आले की बिब्बा घालायचा, हे चाचीला तिच्या आईने शिकवलेले. बिब्बा म्हणजे एक काळे, टणक फळ; त्याचे गरम तेल लागले की कातडी काळी पडते, कधी फोड येतो. तो डाग बरेच दिवस जात नाही. म्हणून तर धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरत.

म्हणजे साध्या अवधानावर, प्लेगच्या दिवसांत, विमानात बसायच्या आठवड्यात, काळा शिक्का मारून झाला होता.

"मंग प्लेग न्हाय ना?" नसीरने विचारले.

"मला तसं वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण वाटण्यावर मी लिहून देत नाही. तपासू."

ताप नव्हता. प्लेगचा माणूस तापाने फणफणतो, त्याला उभे राहवत नाही. नसीर जिना चढून आला होता आणि येताना स्टँडवर भजी खाऊन आला होता. पण मॅडमनी हे पुरेसे धरले नाही. टाचेतला पू घेतला. डागाच्या बाजूच्या चांगल्या कातडीतून सुई घालून गाठीतला थेंबभर द्राव काढला. त्याच्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाइड, मी तयार केल्या. स्लाइडवर ठरावीक रंग घातले की जंतूंच्या जाती ओळखू येतात. काही जांभळे दिसतात, काही गुलाबी. प्लेगचा जंतू गुलाबी, आखूड काडीसारखा, आणि दुसरा एक रंग घातला तर दोन्ही टोकांना गडद, मिटलेल्या सेफ्टी पिनसारखा दिसतो असे पुस्तकात होते. मी तो कधी बघितला नव्हता. मॅडमनीही नव्हता. त्यांनी तसे सांगितलेसुद्धा.

त्या बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून होत्या. मग उठल्या. "बघ."

जांभळे गोल ठिपके होते. घडच्या घड. आमच्या भागातल्या पोराला समजवायला सोपे, कारण ते द्राक्षाच्या घडासारखेच दिसतात. हा जखमेत पू करणारा रोजचा जंतू. पिना कुठे दिसल्या नाहीत. दोन्ही स्लाइडवर नाहीत.

"म्हणजे निगेटिव्ह," मी म्हणालो.

"म्हणजे आम्हाला दिसला नाही," मॅडम म्हणाल्या. "दोन्हीत फरक आहे. कल्चरला पाठव."

कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणे. ते पुण्याला व्हायचे. रिपोर्ट यायच्या आत शुक्रवार येऊन जाणार होता.

मॅडमनी सरकारी दवाखान्यात फोन करून तिथल्या मोठ्या डॉक्टरांना सगळे सांगितले. त्या दिवसांत असली केस लपवून ठेवायची नव्हती. ते म्हणाले, ताप नाही, पायाला जखम आहे, स्लाइडवर प्लेगचा जंतू दिसत नाही, तर लक्ष ठेवा. ताप आला तर त्याच क्षणी पाठवा. मॅडमनी नसीरला इंजेक्शन आणि गोळ्या लिहून दिल्या. टेट्रासायक्लिन नव्हते ते. चाचीने पिशवीतून टेट्रासायक्लिनची पट्टी काढून दाखवली. सगळे गाव ज्यासाठी रांगा लावत होते, ते तिने कुठून तरी मिळवले होते.

"ही चालत न्हाय?"

"या जखमेला नाही."

"मंग ठिवते. कुनाला तरी हुतील."

मग एजंटला फोन केला. पुण्याचा होता. मीच बोललो.

"लॅब? हां, बोला. रिपोर्ट निल ना? आपल्याला निल पाहिजे."

"टाचेला जखम आहे आणि जांघेत गाठ..."

"अहो, तो शब्द फोनवर बोलू नका!"

"तारीख पुढं जाईल का, विचारतायत."

"व्हिसाची मुदत संपत आलीय. विमानं बंद होती तेवढे दिवस गेले की नाही? तो नसेल जात तर दुसरा वेल्डर माझ्यासमोर खुर्चीवर बसलाय."

"आणि तिकडं उतरल्यावर अडवलं तर?"

"त्याच विमानानं परत. मग ती कंपनी त्याला बोलवत नाही. आणि मी पण नाही."

मी फोन ठेवून जसेच्या तसे सांगितले. नसीर स्टुलावर बसून एकाच बुटाकडे बघत होता.

"कारखान्यात विचारलंय," तो म्हणाला. "इंजिनियरसाहेब म्हणले, बॉयलर पेटायच्या आत हजर झालास तर जागा तुझी. पेटल्यावर आलास तर गेटवरनंच माघारी."

आता पेच सरळ होता. गेला आणि तिकडून परत पाठवला, तर तोपर्यंत बॉयलर पेटून सीझन सुरू झालेला असणार. मस्कतही गेले आणि कारखानाही. गेला नाही, तर कारखान्याची जागा राहील, पण मस्कत कायमचे गेले. घरात बायको, दोन मुली, आणि डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन फिरणारी आई.

"भाऊ, तू असतास तर गेला असतास?" त्याने मला विचारले.

मी पुण्याच्या पलीकडे गेलेलो नाही. "मॅडमना विचारा," म्हणालो.

"उद्या ये," मॅडम म्हणाल्या. "गाठ आणि ताप बघू. मग काय लिहायचं ते ठरवते."

दुसऱ्या दिवशी तो आला. ताप नव्हता. गाठ उतरली होती, दाबल्यावर दुखत होती एवढेच. काळा डाग मात्र होता तसाच, किंबहुना जास्तच उठून दिसत होता. मॅडमनी परत तपासले आणि हात धुतले. नसीर म्हणाला, "म्याडम, एक विचारू? आमच्यात पाइपाचा जोड असतो. बाहेरनं चकचकीत दिसतो, अन् आतनं पोकळ असला की प्रेशरला फुटतो. कवा कवा उलटं बी असतं. मला माझं आतनं सांगा."

मॅडमनी हात पुसले. मग म्हणाल्या, "आतून तू ठीक आहेस असं मी समजते. कल्चर बाकी आहे, पण माझी खात्री आहे. बाहेरून वाईट दिसतोस."

"मंग जातो."

"तिकडचे बाहेरून बघतात, नसीर."

"आतनं फुटणार न्हाय ना? मग बाहेरचं मी बघतो."

"अन् परत लावलं तर?" चाची म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला होता.

"तर टोपली मी उचलीन अम्मा. तू हाळी दे."

मॅडमनी सर्टिफिकेट लिहायला घेतले. एजंटला हवे होते तसे 'निल' लिहायला त्यांनी नकार दिला. जखम आहे, गाठ होती ती उतरते आहे, स्लाइडवर प्लेगचा जंतू दिसला नाही, ताप नाही, कल्चरचा रिपोर्ट यायचा आहे. जसे आहे तसे, इंग्रजीत. पण डागाशी येऊन पेन थांबले. बिब्ब्याला इंग्रजीत काय म्हणतात?

आम्हा दोघांनाही आठवेना. नुसते 'काळा डाग' लिहिले असते तर न लिहिलेले बरे. मी सायकल काढून कॉलेजच्या लायब्ररीत गेलो आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोधले. शास्त्रीय नाव मिळाले, आणि इंग्रजी नाव मिळाले 'मार्किंग नट'. खुणेचे फळ. मॅडमनी दोन्ही लिहिले: या फळाच्या तेलाने झालेला भाजल्याचा डाग, घरगुती उपाय म्हणून आईने लावलेला.

एजंटला फोनवर वाचून दाखवले, तर तो म्हणाला, "नट म्हणजे काजूसारखं? अहो, काजूनं माणूस काळा होतो हे त्या अरबांना पटणार आहे का? निल लिहा ना सरळ!"

"खोटं लिहिलं आणि बघितलं तर?"

"बघितलंच तर तुमचा निबंध तरी कोण वाचणार आहे?"

त्याचे अगदीच चूक नव्हते. मलाही तसेच वाटत होते.

नसीर गेला. जाताना बूट पिशवीत आणि पायात स्लिपर. मॅडमनी लॅबचा फोन नंबर देऊन सांगितले होते, पोचलास की कळव.

फोन आला नाही. कल्चरचा रिपोर्ट आला. तोच द्राक्षाच्या घडाचा जंतू, प्लेग नाही. मॅडमनी तो फाइलला लावला. आमच्या कामात असे पुष्कळदा होते, रिपोर्ट असतो आणि माणसाचा पत्ता नसतो. एजंटला विचारले की तो म्हणे, "विमान गेलं एवढं मला माहीत." परत आला म्हणावे तर पळसदेवलाही तो नव्हता. मग कुठे होता? त्या दिवसांत लोकांना तिकडे एखाद्या दवाखान्यात कोंडून ठेवतात अशीही एक गोष्ट फिरत होती. ती चाचीपर्यंत पोचू नये असे वाटायचे. पण पोचली होती.

ती माल भरायला आली की जिना चढून यायची. बाकावर बसायची. "काय फोन?" एवढेच विचारायची. मी नाही म्हणालो की पाणी पिऊन उठायची. एकदा म्हणाली, "म्या बिब्बा घातला नसता तर..." आणि पिशवी उचलली. मॅडम आतून म्हणाल्या, "चाची, गाठ बिब्ब्यानं आली नव्हती." पण तो प्रश्न गाठीचा नव्हता, हे मॅडमनाही कळत होते.

टोळ्या आल्या. बॉयलर पेटला. कारखान्याची शिट्टी आमच्या गावापर्यंत ऐकू येऊ लागली. आता नसीर परत आला असता तरी त्याच्यासाठी गेट बंद होते.

संक्रांत तोंडावर आली तेव्हा फोन वाजला. खरखर होती. "भाऊ, म्या नसीर. पळसदेवचा. बूटवाला."

"कुठून बोलताय?"

"मस्कतहूनच की! काम लांब वाळवंटात हाय. तितं फोन कुठला! आज पयल्यांदा शहरात आलोय."

"अडवलं नाही?"

"अडवलं की! ते ऐक."

पैसे पडत होते म्हणून तो भराभर बोलला. उतरल्यावर ताप बघितला, नव्हता. तो सुटल्यातच जमा होता. पण पुढे सामान उघडले, तर कपड्यांच्या घडीत पुरचुंडी निघाली. ओव्याबरोबर दोन बिब्बे. परमुलखात पोराला पुन्हा अवधान आले तर कोण घालणार, म्हणून अम्माने न सांगता बांधून दिले होते. कस्टमवाल्याला ते काळे काय आहे कळेना. नसीरला इंग्रजीत सांगता येईना. कस्टमवाल्याने एक बिब्बा सुरीने कापला, हुंगला, आणि नसीरला बाजूच्या खोलीत घेतले. कपडे काढायला लावले. डाग दिसला. सगळे दोन पावले मागे सरकले. डॉक्टरला बोलावणे गेले.

"मला वाटलं संपलं. मग म्याडमचा कागद दिला. डॉक्टर वाचत हुता. तेवढ्यात कस्टमवाला बोंबलाय लागला. भाऊ, त्याचा अंगठा काळा! साबण लावला, निघंना. आणखी कायतरी लावलं, निघंना. डॉक्टरनं कागद वाचला, त्याचा अंगठा बघितला, माझी मांडी बघितली. परत कागद बघितला. अन् असा हसाय लागला की बास. शिक्का मारला अन् मला म्हणला, गो."

मी ते मॅडमना सांगितले. त्या मायक्रोस्कोपवरून न उठता म्हणाल्या, "रिपोर्ट खरा असून भागत नाही. सोबत सॅम्पल लागतं." एवढाच या प्रकरणाचा धडा असेल तर आहे.

त्यानंतर चाची माल भरायला आली तेव्हा मी तिला सगळे पहिल्यापासून सांगितले. बाकावर माणसे बसली होती, तीही ऐकत होती. चाचीने पदराने डोळे पुसले आणि विचारले, "एक कापला. मंग दुसऱ्या बिब्ब्याचं काय केलं त्यांनी? दिला का माघारी?"

तेही मी नसीरला विचारले होते. फोन कट व्हायच्या आधी त्याने शेवटचे तेच सांगितले. दुसरा बिब्बा डॉक्टरने ठेवून घेतला. काचेच्या बाटलीत घालून, मॅडमच्या कागदावरून नाव उतरवून, चिठ्ठी लावून.